‘तू कोण सांगणारा?’

लेखमाला : वादाची वाट (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण कावळा बसायला आणि फांदी तुटायला पडलेल्या गाठीविषयी बोललो. आधी एक घडलं, मागोमाग दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं मानणारा तो दोष बहुतेक वेळा घाईत होतो. आजचा दोष घाईतला नाही. तो करणाऱ्याला आपण काय करतो आहोत याचा साधारण अंदाज असतो, ऐकणाऱ्यांना तो आवडतो आणि भरल्या ग्रामसभेत सगळ्यांत मोठा हशा त्यालाच मिळतो. मुद्द्याला हात लावायचा नाही, मुद्दा मांडणाऱ्याची गचांडी धरायची, एवढंच त्याचं तंत्र. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत त्याला जड नावं आहेत. आपण त्याला सरळ ‘तू कोण’ म्हणू.

हा दोष अभ्यासायला घोटावडे हे गाव फार सोयीचं आहे. मुळशी तालुक्यातलं, पौडच्या अलीकडचं. एका अंगाला माण-हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पिरंगुट-उरवड्याचे कारखाने आणि मधे जी उरली आहेत ती भाताची खाचरं. पौड रस्त्यावरच्या घोटावडे फाट्यावर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं तर दूधवाला, कंपनीची बस, खडीचा डंपर आणि फार्महाऊसकडे निघालेली मोठी गाडी असं सगळं ओळीने समोरून जातं. २०१५ साली पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झालं आणि झोन, आरक्षण, रिंगरोड हे शब्द चहाच्या टपरीवर रोजचे झाले. अशा भागात कोणताही वाद दोन वाक्यांत माणसांच्या गटांवर येऊन आदळतो. गाववाले, सोसायटीवाले, कंपनीवाले, जमीन विकलेले, जमीन राखलेले. कोण कुठल्या गटातला हे कळलं की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही, असं सगळ्यांनाच वाटू लागतं.

समजा, ग्रामसभा भरली आहे. नव्या सोसायटीतल्या एक बाई उठतात.

“सकाळी आठ ते साडेनऊ शाळेची मुलं रस्त्यावर असतात. तेवढा वेळ खडीचे डंपर थांबवावेत, असा ठराव घ्या.”

मागून आवाज येतो, “मॅडम, तुमची बिल्डिंग काय हवेत बांधली का? तिची खडी कशातनं आली?”

सभा हसते. बाई खाली बसतात. ग्रामसेवक पुढचा विषय वाचतात.

उत्तर झणझणीत आहे आणि खरंही आहे. ती इमारत डंपरने आणलेल्या खडीवरच उभी आहे. पण बाईंनी मागितलं होतं काय? डंपर कायमचे बंद करा असं त्या म्हणाल्याच नव्हत्या, दीड तास थांबवा एवढंच म्हणाल्या. त्याला विरोध करायला चांगली कारणं असू शकतात. चालकाची कमाई ट्रिपवर असते, दीड तास गेला की एक ट्रिप बुडते. खाणीवर भरून उभ्या राहिलेल्या गाड्या साडेनऊला एकदम सुटल्या तर आयटीवाल्यांच्या गर्दीत भर पडेल आणि कोंडी दुप्पट होईल. कदाचित आठ ते नऊ पुरेसं असेल, कदाचित शाळेजवळ गतिरोधक आणि एक माणूस उभा करणं जास्त उपयोगी पडेल. यातलं काहीच सभेत आलं नाही. बाईंचा प्रश्न राहिला तो राहिलाच, डंपरवाल्याची खरी अडचणही कुणाच्या कानावर गेली नाही. ‘तू कोण’ म्हणणारा स्वतःच्या बाजूचंही नुकसान करतो ते असं. त्याच्याजवळ कारणं असतात, पण टोमण्यावर काम भागतं म्हटल्यावर ती बाहेर काढायची तसदी कोण घेतो?

आता पारडं फिरवू. त्याच सभेत गावातले एक म्हातारे गृहस्थ सांगतात, “ओढ्यात भराव टाकू नका. पाऊस मोठा झाला की पाणी आपली वाट काढतंच.”

सोसायटीतला एक तरुण म्हणतो, “पण काका, ती जमीन बिल्डरला तुम्हीच विकलीत ना? तेव्हा ओढा आठवला नाही का?”

पुन्हा हशा, या वेळी दुसऱ्या बाजूचा. काकांनी जमीन का विकली असेल ते त्यांनाच ठाऊक. मुलीचं लग्न असेल, भावकीतली वाटणी असेल, नुसती हौसही असेल. पण ओढ्याला खरेदीखत वाचता येत नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं हे त्या जागेवर साठ पावसाळे पाहिलेल्या माणसाला माहीत असतं, आणि जमीन विकल्याने ती माहिती खोटी ठरत नाही. उलट त्या सभेत ओढ्याविषयी सगळ्यांत जास्त ठाऊक असलेला माणूसच त्या एका वाक्याने गप्प केला गेला.

या दोषाची तिसरी तऱ्हा हेतूवर बोट ठेवते. “त्याला पंचायतीला उभं राहायचंय, म्हणून पाणीपट्टीवर बोलतोय.” असेलही. निवडणुकीला उभं राहायचंय आणि पाणीपट्टीचा हिशेबही चुकलाय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किंबहुना हिशेब तपासायची मेहनत बहुधा तोच घेतो ज्याला त्यातून काही मिळवायचं असतं. लोकशाही चालते ती बऱ्याच अंशी अशा स्वार्थी तपासणीवर.

‘तू कोण’ आपल्याला इतका पटतो, याचं कारण माझ्या मते आपल्या संस्कारात आहे, आणि तो संस्कार वाईट नाही. गुळाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. आई मुलाला साधूकडे नेते, याला गूळ खाऊ नको म्हणून सांगा म्हणते. साधू काही दिवसांनी या म्हणतो. ती परत जाते तेव्हा तो मुलाला एवढंच सांगतो की गूळ खाऊ नकोस. मग आधीच का नाही सांगितलंत? तर तेव्हा मी स्वतः गूळ खात होतो. गोष्ट सुंदर आहे, आणि बोलण्याआधी वागून दाखवावं ही शिकवण घराघरांत तिच्यामुळे पोचली. पण तर्काच्या अंगाने ती नीट पाहिली पाहिजे. साधूने गूळ सोडल्यामुळे काय बदललं? मुलावर होणारा परिणाम बदलला, साधूचा अधिकार वाढला. मुलाच्या पोटात गुळाने जे व्हायचं ते मात्र पहिल्या दिवशीही तेच होतं. कुणाला गुरू मानायचं हे ठरवताना त्याचं वागणं बघावं, जरूर बघावं. गूळ बाधतो की नाही हे ठरवायला ते उपयोगाचं नाही. तोंडात विडी धरून ‘विडी ओढू नकोस’ म्हणणारा बाप ढोंगी असेल, त्याचं म्हणणं मात्र बरोबर असतं. तेवढंच नव्हे, रात्री खोकल्याने उठून बसणारा तो बाप विडीविषयी इतरांपेक्षा जास्तच जाणून असतो.

आता एक जुना वाद घेऊ. घोटावड्याहून तो लांबचा नाही. पौडच्या पुढे रस्ता मुळशी धरणाकडे जातो. टाटांच्या वीज कंपनीने बांधलेलं हे धरण. नीळा आणि मुळा या नद्यांचं पाणी अडवायचं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवायचं, खाली कोकणात भिरा इथे वीज तयार करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी ही योजना. भिऱ्याचं केंद्र १९२७ साली सुरू झालं. त्याआधीची काही वर्षं मुळशी पेट्यात जो लढा झाला तो मुळशी सत्याग्रह. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, आणि मग तुरुंगवाऱ्या, नुकसानभरपाईच्या वाटाघाटी, फाटाफूट असं करत लढा १९२४ पर्यंत चालला. पन्नासच्या आसपास गावांचा आणि दहा हजारांच्या घरातल्या माणसांचा प्रश्न होता. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात.

वादाचा मुद्दा मांडायला सोपा होता. एका कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी, कसणाऱ्याची संमती नसताना, त्याची भाताची जमीन सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेऊन कंपनीला द्यावी का? ‘हो’ म्हणणाऱ्यांजवळ कारणं होती. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, कोळसा लांबून यायचा, पाण्याची वीज स्वच्छ आणि स्वस्त. ‘नाही’ म्हणणाऱ्यांजवळही होती. फायदा मुंबईला आणि नुकसान मावळाला, हा कुठला न्याय? आणि ज्याचं सगळं जगणं त्या खाचरात आहे त्याला पैशात भरपाई म्हणजे नेमकी किती? दोन्ही बाजूंची कारणं तोलण्याजोगी होती. पण हा वाद वाचू लागलं की लक्षात येतं, त्यात उतरलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाला ‘तू कोण’ म्हणायला जागा होती.

पहिली जागा सावकारांची. मुळशी पेट्यातल्या कितीतरी जमिनी कसत मावळे, पण त्या गहाण पडल्या होत्या किंवा नावावरच होत्या पुण्याच्या सावकारांच्या. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जे पुस्तक लिहिलं त्यात सावकार, कुळं आणि पुढारी यांचे वेगवेगळे हितसंबंध सविस्तर उलगडले आहेत. तेव्हा ‘हा लढा मावळ्यांचा कसला, सावकारांचा’ असं म्हणता येत होतं. आता इथे थांबून बघा. हे वाक्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? वाटाघाटीला मावळ्यांच्या वतीने कोणी बसावं असा प्रश्न असेल, तर सावकाराचा स्वार्थ काढणं अगदी रास्त आहे, काढायलाच हवा. कारण भरपाईचा आकडा वाढला की सावकाराचं समाधान होतं. कसणाऱ्याला जमीनच हवी असते. पुढे फाटाफूट झाली ती बऱ्याच अंशी याच रेषेवर. पण संमतीशिवाय जमीन घ्यावी का, हा प्रश्न असेल, तर सावकार मधे असल्याने तो सुटत नाही. सगळे सावकार त्या दिवशी पुण्याला परत गेले असते तरी खाचरं पाण्याखाली जायची ती जाणारच होती.

दुसरी जागा खुद्द बापटांची. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेला हा हुशार तरुण पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून १९०८ साली परत आला होता. सत्याग्रहाचा सेनापती बॉम्बवाला! विरोधकाला याहून सोपं काय हवं? डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कामावर जाणारी गाडी अडवण्याचा जो प्रकार केला त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढ्याची अखेरही त्याच सुमाराला झाली. गांधींची गोष्ट इथे उद्बोधक आहे. १९२१ साली त्यांनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिलं होतं, कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून बसू नका, लोकांशी बोला, अशा अर्थाचं. पुढे मात्र त्यांनी हा लढा सोडून द्यावा असं मत दिलं, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत एक असं होतं की लढ्याच्या नेत्याचा अहिंसेवर पूर्ण विश्वास नाही. हा ‘तू कोण’ झाला का? माझ्या मते नाही झाला. कारण गांधींपुढचा प्रश्न ‘हा सत्याग्रह म्हणून चालवावा का’ असा होता, आणि सत्याग्रहात नेत्याची अहिंसा हा मुद्द्याचाच भाग असतो. तेच वाक्य उचलून कुणी ‘म्हणून टाटांनी जमीन घेणं बरोबर’ असं म्हटलं असतं, तर मात्र तो धडधडीत दोष. वाक्य तेच असतं, ते कुठल्या प्रश्नाला जोडलं आहे त्यावर ते कारण की टोमणा हे ठरतं. या लेखांकातली कळीची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा लांबण लावली.

तिसरी जागा उलट्या बाजूची आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. टाटा म्हणजे भारतीय भांडवल, पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञान संस्था. स्वदेशीच्या त्या दिवसांत अशा घराण्याच्या विरोधात उभं राहणं पुण्यातल्या राष्ट्रवादी मंडळींनाही अवघड जात होतं. एवढं मोठं काम करणारे लोक चुकीचं कसं करतील? हाही ‘तू कोण’च आहे, फक्त हार घालून आलेला. वाईट माणसाचं म्हणणं वाईट, हा दोष आपण ओळखतो. चांगल्या माणसाचं म्हणणं म्हणून चांगलं, हा दोष आरतीचं ताट घेऊन येतो, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. जमशेदपूरचं पोलाद उत्तम होतं म्हणून मुळशीची भरपाई पुरेशी होती असं निघत नाही.

जाता जाता मावळ्यांच्या घोषणेविषयी. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. मागच्या एका लेखांकानंतर वाचकांनी विचारलं होतं की घोषणांना तर्कदोष लावायचे का. ही घोषणा घेतली तर तिच्यात दोनच पर्याय आहेत, तिसऱ्याला जागा नाही, म्हणजे दोष झाला असं वरवर वाटेल. पण घोषणा हा युक्तिवाद नसतो. इथे कुणी काही सिद्ध करत नाहीये, शपथ घेतली जाते आहे. शपथेला तर्काची पट्टी लावत बसणाऱ्याला वाद कळला पण माणूस कळला नाही.

मग बोलणाऱ्या माणसाकडे कधी बघायचंच नाही का? बघायचं, आणि कधी बघायचं हे आपल्याकडच्या न्यायदर्शनाने फार स्वच्छ सांगून ठेवलं आहे. न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं चार. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अनुमानात हेतू तपासायचा, म्हणजे दिलेलं कारण. ते कारण कुणी दिलं याला तिथे महत्त्व नाही. शब्दात मात्र, म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावर भिस्त ठेवायची असते तेव्हा, सांगणारा तपासायचा. तो आप्त हवा. आप्त म्हणजे नात्यातला नव्हे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन पुढे जे म्हणतो ते आजही थक्क करतं. हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू, असं तो सांगतो. कूळ, जात, गाव बघू नका; त्याला माहीत आहे का आणि तो खरं सांगेल का, एवढंच बघा. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात ‘बाहेरचा’ आणि ‘आपला’ हा भेद साक्षीपुरता इतक्या सहज पुसलेला आहे.

घोटावड्यात याचा उपयोग रोजचा आहे. जमिनीच्या एनएविषयी, म्हणजे बिगरशेती परवानगीविषयी, एजंट म्हणतो, “साहेब, शब्द देतो, सहा महिन्यांत एनए होतंय. डोळे मिटून घ्या प्लॉट.” हे कारण नव्हे, हा शब्द आहे. तो तुमच्याकडे विश्वास मागतोय. इथे त्याचं कमिशन किती, आधी दिलेले शब्द त्याने पाळले का, तो कुणाचा माणूस, हे सगळं विचारणं बरोबरच नव्हे, शहाणपणाचं आहे. इथे कुणी तुम्हाला ‘माणसावर जाऊ नका’ म्हणालं तर हसून सोडून द्या. आता त्याच एजंटाने सातबारा, फेरफार आणि झोन दाखला टेबलावर ठेवले, की प्रकरण बदललं. आता तो शब्द देत नाहीये, कागद दाखवतोय. कागद त्याच्या कमिशनमुळे खोटा होत नाही आणि त्याच्या गोड बोलण्यामुळे खराही होत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, तलाठ्याकडे खात्री करा. एजंट देवमाणूस असला तरी हे करा.

पटकन ओळखायची एक युक्ती सांगतो. समोरच्याचं म्हणणं एका चिठ्ठीवर निनावी लिहून आलं आहे असं समजा. चिठ्ठी वाचून तपासण्यासारखं काही उरत असेल, तर बोलणाऱ्याचं नाव काढणं गैरलागू. ‘आठ ते साडेनऊ डंपर थांबवा, कारण मुलं रस्त्यावर असतात’ ही चिठ्ठी निनावी असली तरी तपासता येते. रस्त्यावर उभं राहा आणि बघा. ‘सहा महिन्यांत एनए होतंय, शब्द देतो’ ही चिठ्ठी निनावी आली तर तिच्यात उरतं काय? काहीच नाही. म्हणजे तिथे माणूसच तपासायला हवा.

एका माणसाऐवजी अख्ख्या तालुक्याची गचांडी धरायची, असंही होतं. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमिनी विकून आलेला पैसा, तो उडाल्यावरची रिकामी पोरं आणि गुन्हेगारीत गेलेली घरं, हे त्या चित्रपटाने रोखठोक मांडलं. चित्रपट एका दुखण्याविषयी होता. शहरात मात्र त्याचं नाव शिक्क्यासारखं वापरलं जाऊ लागलं. मुळशीचा पोरगा म्हणजे तसलाच, असं. मुलाखतीला गेलेल्या एखाद्या अभियंत्याला किंवा बँकेत कर्ज मागणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला या शिक्क्याशी काय देणंघेणं? पण गंमत अशी की हाच शिक्का इथली काही पोरं गाडीच्या काचेवर मिरवतात, आणि मग दुसऱ्याने लावला की चिडतात.

शेवटची तऱ्हा आजकाल सगळ्यांत जास्त चालते. ‘आधी त्यांचं बघा.’ अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना आयुष्यभर हे ऐकावं लागलं की तुम्ही आमच्याच धर्माविषयी का बोलता, त्यांच्याविषयी का नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यात गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे, त्या यादीत कोणत्याही धर्माचं नाव नाही, आणि निरनिराळ्या धर्मांच्या भोंदूंवर त्याखाली गुन्हे दाखल झाले. पण हे उत्तरही खरं तर आवश्यक नव्हतं. समजा एखादा माणूस फक्त आपल्याच घरातली घाण काढतोय. शेजाऱ्याकडेही घाण आहे हे सांगितल्याने आपल्या घरातली कमी होते का? ‘आधी त्यांचं बघा’ म्हणणाऱ्याला हमखास एक प्रतिप्रश्न करावा: ठीक, त्यांचंही बघू, तुमची यादी द्या. बहुतेक वेळा यादी नसते.

महाराष्ट्राने या दोषाची टोकाची रूपंही पाहिली आहेत. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखांना उत्तर देण्याऐवजी पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. लेखांतल्या युक्तिवादाला त्याने ओरखडाही गेला नाही.

आता, कुणी तुमच्यावर ‘तू कोण’ टाकला तर काय करायचं? पहिली गोष्ट, ‘हा तर्कदोष आहे’ असं भर सभेत ओरडू नका. तुम्ही शिकलेले आणि बाकीचे अडाणी असा त्याचा अर्थ निघतो, आणि मग सभा पुन्हा तुमच्याचविषयी बोलू लागते. त्यापेक्षा टोमण्यातला खरा भाग कबूल करा आणि प्रश्न जागेवर आणून ठेवा. त्या बाईंना असं म्हणता आलं असतं: “हो, आमच्याही बिल्डिंगची खडी डंपरनेच आली, आणि तेव्हाही मुलं याच रस्त्याने जात होती. म्हणून तर म्हणते, आठ ते साडेनऊचं काय करायचं ते सांगा. तुमची ट्रिप बुडत असेल तर वेळ बदलू.” कबुली दिली की टोमण्यातली हवा जाते. ‘तुमची ट्रिप’ म्हटलं की समोरच्याला आपली खरी अडचण सांगायला वाट मिळते. याने दरवेळी जमेलच असं नाही. काही सभांना ठरावापेक्षा तमाशाच हवा असतो, आणि तिथून उठून सरळ गटविकास अधिकाऱ्याला अर्ज देणं बरं.

दुसरी गोष्ट दोष ओळखायला नव्याने शिकलेल्यांसाठी. समोरच्याने दोषाने भरलेलं उत्तर दिलं म्हणजे तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही. डंपरवाल्याने टोमणा मारला म्हणून दीड तासाचा ठराव आपोआप योग्य ठरत नाही, आणि टाटांच्या बाजूच्या कुणी मावळ्यांच्या पुढाऱ्यांवर चिखल उडवला असेल म्हणून धरण चूकच होतं असंही निघत नाही. मुळशीच्या बाबतीत माझं मत मावळ्यांच्या बाजूचं आहे, पण ते संमतीच्या मुद्द्यावर आहे, विरोधकांच्या वाकड्या बोलण्यावर नाही.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून चार वेळा तरी भरवावी लागते. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा असेल किंवा सोसायटीची सर्वसाधारण सभा, वही घेऊन जा. एका बाजूला मुद्द्यावरची वाक्यं लिहा, दुसऱ्या बाजूला माणसावरची, आणि माणसावरच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा की तिथे साक्ष मागितली जात होती की कारण. निवडक नोंदी नावं गाळून आमच्याकडे पाठवा. पुढच्या लेखांकात ‘वीज हवी की शेती’ या चालीचे वाद घेऊ, ज्यांत तिसरा पर्याय आधीच दाराबाहेर ठेवलेला असतो.